हाडांचा लगाम



ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमलो आहोत, त्या डॉक्टरांनी उभं आयुष्य माणसांची मोडलेली हाडं बसवण्यात घालवलं. त्यामुळे विषय काय निवडावा याचा मला फार विचार करावा लागला नाही. मोडलेलं हाड सांधण्याची विद्या जुनी आहे. पण हाड मुळात घडतं कसं, ते किती घडवायचं आणि कुठे थांबायचं हे शरीरात कोण ठरवतं, हे वैद्यकाला गेल्या पंचवीसेक वर्षांतच उमगलं. ज्यांच्यामुळे ते उमगलं ती माणसं फार थोडी आहेत. दक्षिण आफ्रिकेतली काही कुटुंबं, हॉलंडमधलं मच्छीमारांचं एक गाव आणि अमेरिकेतली दोन घराणी. आज जगभर लाखो आजी-आजोबांच्या मणक्यांना आणि खुब्यांना या ज्ञानाचा आधार मिळू शकतो. त्या मोजक्या माणसांचं आपल्यावर किती मोठं ऋण आहे, हे सांगण्यासाठी मी उभा आहे.

हाड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळेतला सांगाडा येतो. पण तो मेलेल्या माणसाचा. जिवंत हाड सतत मोडलं जातं आणि सतत बांधलं जातं. मोडणाऱ्या पेशींना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात, बांधणाऱ्यांना ऑस्टिओब्लास्ट. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे १० टक्के भाग दर वर्षी असा नवा होतो. तारुण्यात बांधणं वरचढ असतं. तिशीच्या आसपास हाडांची कमाई पूर्ण होते आणि पुढे हळूहळू मोडणं पुढे सरकतं. स्त्रियांमध्ये पाळी गेल्यानंतरच्या काही वर्षांत तर ते झपाट्याने पुढे जातं. हाडं ठिसूळ होतात ती अशी, आतल्या आत. हा आजार दुखत नाही. मनगट, मणका किंवा खुबा मोडतो तेव्हाच तो पहिल्यांदा घरच्यांच्या लक्षात येतो.

या घडण्या-मोडण्यावर नियंत्रण ठेवणारी जी सर्वांत महत्त्वाची संदेशयंत्रणा आहे तिचं नाव विंट. तिचा शोध हाडांच्या दवाखान्यात लागलेला नाही. तिच्या इतिहासाचं एक पान आपल्या देशात लिहिलं गेलं आणि त्याची आठवण आपण फारच कमी काढतो. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत आर. पी. शर्मा फळमाशीवर काम करत होते. केळं जास्त पिकलं की त्यावर घोंगावते तीच ही माशी. त्यांच्या एका वाणात काही माश्यांना एक पंख नव्हता, काहींना दोन्ही नव्हते, तर काही अगदी धडधाकट होत्या. जिथे पंख यायचा तिथे पाठीचाच तुकडा दुसऱ्यांदा उगवलेला दिसे. १९७३ मध्ये शर्मांनी ही नोंद प्रसिद्ध केली आणि १९७६ मध्ये व्ही. एल. चोप्रा यांच्यासह त्यावर सविस्तर लेख लिहिला. या दोषाला त्यांनी 'विंगलेस' म्हटलं. पंख कुठे उगवायचा हा निरोप त्या माशीत पोचतच नव्हता.

तिकडे १९८२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला रोएल नुसे आणि हॅरॉल्ड व्हार्मस यांना उंदरांच्या स्तनाच्या कर्करोगात एक जनुक सापडलं. एक विषाणू त्या जनुकाशेजारी जाऊन बसला की ते भलत्या वेळी जागं होई आणि गाठ धरे. १९८७ मध्ये नुसे यांच्या गटाने दाखवून दिलं की उंदरातलं हे जनुक आणि दिल्लीच्या माशीतलं बिघडलेलं जनुक एकच आहे. एका जागी ते बंद पडलं तर अवयव उगवत नाही, दुसऱ्या जागी ते नको तेव्हा चालू राहिलं तर कर्करोग होतो. या कुळाला १९९१ मध्ये विंट हे नाव मिळालं. माणसात या कुळातली १९ जनुकं आहेत.

आता यंत्रणा थोडी समजून घेऊ. पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. पेशीच्या आत बीटा-कॅटेनिन नावाचं प्रथिन सतत तयार होत असतं आणि त्याच वेगाने नष्टही केलं जातं. पाण्याच्या टाकीत वरून धार चालू आणि खालची तोटीही उघडी, तेव्हा पाणी काही चढत नाही, तसं. विंटचा निरोप आला की खालची तोटी बंद होते. बीटा-कॅटेनिन साठतं, पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि तिथली जनुकं चालू करतं. अस्थिमज्जेतल्या मूळ पेशीपुढे दोन वाटा असतात, चरबीची पेशी व्हायचं की हाड बांधणारी. विंटचा निरोप मिळाला तर ती हाडाच्या वाटेला लागते. शिवाय बांधणाऱ्या पेशी मोडणाऱ्यांना आवरणारं एक प्रथिन सोडतात, तेही या निरोपाने वाढतं. म्हणजे एकाच संदेशाने बांधणं वाढतं आणि मोडणं घटतं.

हा निरोप घ्यायला पेशीच्या बाहेरच्या पडद्यावर दोन ग्राहक प्रथिनं लागतात. त्यातलं एक फ्रिझल्ड. दुसऱ्याचं नाव एलआरपी-५, आणि त्याचं जुळं भावंड एलआरपी-६. हाडाची कथा सुरू होते ती इथून.

काही मुलं जन्मतः किंवा अगदी तान्ह्या वयात दृष्टी गमावतात आणि पुढे त्यांची हाडं क्षुल्लक कारणाने मोडू लागतात. लहान वयातच मणके दबतात, पाय वाकतात. २००१ मध्ये मॅथ्यू वॉर्मन आणि त्यांच्या जगभरातल्या सहकाऱ्यांनी या आजाराचं कारण शोधलं. या मुलांच्या एलआरपी-५ जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी होत्या. त्यांच्या आईवडिलांमध्ये एकच प्रत बिघडलेली होती, पण हाडं त्यांचीही थोडी हलकी निघाली.

पुढच्याच वर्षी त्याच जनुकाची उलटी बाजू दिसली. अमेरिकेत मोटार अपघातानंतर एका तरुण मुलीच्या पाठीचा एक्स-रे काढला होता. हाड मोडलेलं नव्हतं, पण एक्स-रेवर ते इतकं पांढरं, इतकं दाट दिसत होतं की डॉक्टर थबकले. ओमाहाच्या क्रायटन विद्यापीठातल्या संशोधकांनी तिच्या नातेवाइकांची तपासणी केली तेव्हा घराण्यात अनेकांची हाडं तशीच निघाली. येल विद्यापीठाकडे असंच दुसरं घराणं होतं. रुंद जबडा, टाळूवर हाडाचा उंचवटा आणि न मोडणारी हाडं. २००२ मध्ये दोन्ही गटांना एकच बदल सापडला. एलआरपी-५ या प्रथिनाच्या साखळीत १७१ व्या जागी ग्लायसीनऐवजी व्हॅलीन बसलं होतं. शेकडो कड्यांच्या साखळीतली एक कडी. जनुक बंद पडलं तर बालपणीच हाडं मोडतात आणि त्याच जनुकात एक अक्षर बदललं तर मोटारीच्या धडकेतही ती शाबूत राहतात. एका कडीने असं काय होत असेल, हा प्रश्न मग उभा राहिला. त्याचं उत्तर जगाच्या दुसऱ्या टोकाला तयार होत होतं.

दक्षिण आफ्रिकेत सतराव्या शतकात डच वसाहतवाले येऊन राहिले. त्यांचे वंशज म्हणजे आफ्रिकानर. मूळची माणसं थोडी आणि लग्नं आपापसांत, त्यामुळे एखाद्या पूर्वजाच्या जनुकातला दोष पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहिला. त्यातून स्क्लेरोस्टिओसिस नावाचा आजार तिथे दिसू लागला. मूल जन्माला येतं तेव्हा अनेकदा त्याची तर्जनी आणि मधलं बोट जुळलेलं असतं, नखं वेडीवाकडी असतात. लहानपणीच चेहऱ्याची एक बाजू लुळी पडते, काही दिवसांनी सावरते, मग दुसरी बाजू पडते. कवटीतून चेहऱ्याकडे जाणारी मज्जातंतूची वाट वाढत्या हाडाने आवळली गेलेली असते. तसंच कानाचं. ऐकू येणं हळूहळू कमी होतं. मूल उंच वाढतं, धिप्पाड होतं, कपाळ आणि जबडा पुढे येतो. त्याची हाडं जवळपास कधीच मोडत नाहीत. पण कवटी आत आत जाड होत जाते, मेंदूला जागा पुरत नाही, डोकं असह्य दुखतं आणि एके दिवशी वाढलेल्या दाबामुळे अचानक मृत्यू येऊ शकतो. तो टाळण्यासाठी कवटीचा तुकडा काढून मेंदूला जागा करून द्यावी लागते. हाड इतकं टणक असतं की ती शस्त्रक्रिया नेहमीपेक्षा कितीतरी लांबते.

केपटाऊनचे पीटर बायटन आणि कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक हर्मन हॅमर्स्मा यांनी ही कुटुंबं वर्षानुवर्षं सांभाळली, त्यांच्या वंशावळी मांडल्या, रक्ताचे नमुने जपले. मला या कामाबद्दल अतोनात आदर आहे. एका दुर्मीळ आजाराच्या मूठभर रुग्णांसाठी आयुष्याची इतकी वर्षं दिल्याने डॉक्टरला नाव मिळत नाही, पैसा तर नाहीच. पण तपासणीच्या त्या जुन्या टिपणांशिवाय पुढचं काहीच घडलं नसतं.

या उत्तराचा दुसरा धागा हॉलंडमधला. उर्क हे पूर्वी समुद्रातलं बेट होतं. १९३९ मध्ये बांध घालून ते जमिनीला जोडलं गेलं. मच्छीमारांची वस्ती, लग्नं बहुधा गावातल्या गावात. फान बुखेम या डच वैद्याने १९५५ मध्ये जबडा आणि कवटी जाड होत जाणाऱ्या अशाच, पण थोड्या सौम्य आजाराचं वर्णन केलं. बोटं जुळलेली नसत, उंची नेहमीसारखीच असे, पण चेहऱ्याचं लुळेपण आणि बहिरेपण तेच. त्याचे रुग्ण मुख्यतः उर्कशी नातं असलेले.

२००१ मध्ये दोन गटांनी आफ्रिकेतल्या आजाराचं जनुक शोधलं. एक गट बेल्जियममधल्या अँटवर्पचा. दुसरा अमेरिकेत सिएटलजवळ बॉथेलला, एका छोट्या जैवतंत्रज्ञान कंपनीचा. या दुसऱ्या गटाच्या शोधनिबंधावर पहिलं नाव होतं मेरी ब्रंकाव. त्याच वर्षी त्यांनी प्रतिकारशक्तीच्या दुसऱ्याच एका जनुकावरचं कामही प्रसिद्ध केलं आणि त्या कामाबद्दल २०२५ चं नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळालं. त्यांचं हे हाडांचं काम मला तितकंच मोलाचं वाटतं. नव्या जनुकाला सॉस्ट म्हटलं गेलं आणि ते ज्या प्रथिनाची कृती सांगतं त्याला स्क्लेरोस्टिन. आफ्रिकेतल्या रुग्णांत हे जनुक पूर्ण निकामी होतं. उर्कच्या रुग्णांत जनुक शाबूत होतं, पण त्याच्यापुढचा सुमारे ५२ हजार अक्षरांचा तुकडा गायब होता. ते जनुक हाडात चालू ठेवणारी कळ त्या तुकड्यात होती.

२००५ मध्ये सगळं जुळून आलं. स्क्लेरोस्टिन एलआरपी-५ आणि एलआरपी-६ ला जाऊन चिकटतं आणि विंटचा निरोप पेशीपर्यंत पोचू देत नाही. हाड बांधण्यावरचा लगाम तो हाच. लगाम नसेल तर कवटी मेंदूवर येते. अमेरिकन घराण्यांत बदललेल्या त्या एका कडीमुळे स्क्लेरोस्टिनला, आणि डीकेके-१ नावाच्या दुसऱ्या लगामालाही, तिथे पकड नीट मिळत नाही. तीन देशांतली, एकमेकांना कधी न भेटलेली ही कुटुंबं एकाच ठिकाणी येऊन मिळाली.

मग हे स्क्लेरोस्टिन सोडतं कोण? हाडाच्या आत गाडल्या गेलेल्या ऑस्टिओसाइट पेशी. बांधणारी पेशी काम संपल्यावर स्वतःच बांधलेल्या हाडात अडकते आणि ऑस्टिओसाइट होते. पूर्वी आम्हाला शिकवायचे की या पेशी स्वस्थ बसून असतात. प्रौढ माणसात त्या सुमारे ४,२०० कोटी असाव्यात असा अंदाज आहे. त्यांच्यापासून केसापेक्षा कितीतरी बारीक धागे निघतात, हाडातल्या सूक्ष्म नळ्यांतून जातात आणि शेजारणींना भिडतात. हाडावर भार पडला की ते किंचित वाकतं, नळ्यांतला द्रव हलतो आणि या पेशींना ते कळतं. २००८ मध्ये इंडियाना विद्यापीठातल्या अलेक्झांडर रॉब्लिंग आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या पुढच्या पायातल्या हाडावर थोडा वेळ मोजून मापून दाब दिला आणि नंतर त्याचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. ज्या भागावर ताण सर्वांत जास्त पडला होता तिथल्या पेशींनी स्क्लेरोस्टिन बनवणं कमी केलं होतं. त्याच हाडाच्या ताण न पडलेल्या भागात ते पूर्वीइतकंच होतं. नवं हाड चढलं ते ताण पडला होता तिथेच. मागचे पाय जमिनीला टेकू न दिलेल्या उंदरांत सॉस्ट जनुक जास्त जोमाने काम करू लागलं.

भार पडेल तसं हाड घडतं, हे बर्लिनच्या युलियुस वोल्फ यांनी १८९२ मध्येच लिहिलं होतं. ते कसं घडतं हे या कापांत दिसलं. अंतराळवीरांच्या खुब्यातलं हाड महिन्याला एक ते दीड टक्का कमी होतं, त्याचंही हेच कारण आहे. जुलै २०११ मध्ये अटलांटिस यानाच्या अखेरच्या फेरीबरोबर स्क्लेरोस्टिनला अडवणारं औषध टोचलेले उंदीर अंतराळात पाठवले गेले. आपल्या घरात म्हातारं माणूस आजारपणानंतर महिना-महिना अंथरुणावर पडून राहतं, तेव्हा त्याच्या हाडांवरचा लगामही असाच आवळतो. म्हणून डॉक्टर परवानगी देतील त्या दिवशी त्यांना उठवून बसवा, उभं करा, चार पावलं चालवा. जपायचं म्हणून निजवून ठेवू नका.

औषधाची वाट रोगांनीच दाखवली होती. ज्या नातेवाइकांत सॉस्टची एकच प्रत बिघडलेली होती, त्यांची हाडं दणकट होती आणि त्यांना आजार मात्र नव्हता. लगाम अर्धा सैल केला तर माणूस निरोगी राहतो, याचा पुरावा हीच जिवंत माणसं होती. त्यावरून स्क्लेरोस्टिनला पकडून ठेवणारं प्रतिपिंड तयार झालं, रोमोसोझुमॅब. जानेवारी २०१९ मध्ये जपानने आणि एप्रिलमध्ये अमेरिकेने त्याला मान्यता दिली. युरोपात आधी नकार मिळाला आणि फेरविचारानंतर डिसेंबरमध्ये मान्यता. महिन्यातून एकदा इंजेक्शन, एक वर्षभर. पाळी गेलेल्या ७,१८० स्त्रियांवरच्या चाचणीत वर्षभरात नव्याने मणका मोडण्याचं प्रमाण १.८ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आलं. पाठीच्या हाडांची घनता सुमारे १३ टक्क्यांनी वाढली. इतक्या थोड्या काळात इतकी वाढ पूर्वीच्या औषधांनी क्वचितच दिसे.

पण या औषधाचं नुसतं कौतुक सांगून खाली बसणं बरोबर होणार नाही. दुसऱ्या मोठ्या चाचणीत, जिथे तुलना अॅलेंड्रोनेट या जुन्या गोळीशी होती, पहिल्या वर्षी हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटना २.५ टक्के स्त्रियांत झाल्या, गोळी घेणाऱ्यांत १.९ टक्के. म्हणून ज्यांना गेल्या वर्षभरात हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेला आहे त्यांना हे औषध देऊ नये, असा ठळक इशारा अमेरिकेत त्याच्यावर छापलेला असतो. युरोपात तर आधी कधीही असा झटका येऊन गेला असेल तरी ते निषिद्ध आहे. शिवाय हाड बांधण्याचा वेग पहिल्या काही महिन्यांतच सर्वांत जास्त असतो. मग शरीर डीकेके-१ सारखे दुसरे लगाम ओढतं आणि वेग ओसरतो. वर्ष संपल्यावर हाड मोडणं थोपवणारं दुसरं औषध सुरू केलं नाही तर मिळवलेलं हळूहळू निघून जातं. पेशंटला हे पहिल्या दिवशीच सांगायला हवं.

विंटचा निरोप सरसकट सगळ्या शरीरात वाढवावा असंही कुणी समजू नये. मोठ्या आतड्याच्या बहुसंख्य कर्करोगांत एपीसी नावाचं जनुक बिघडलेलं असतं आणि त्यामुळे हीच यंत्रणा अखंड चालू राहते. स्क्लेरोस्टिन प्रामुख्याने हाडातच बनतं, म्हणून त्याला अडवणं तुलनेने सुरक्षित ठरलं. मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगात याच्या उलट घडतं. २००३ मध्ये दिसून आलं की त्यातल्या कर्कपेशी डीकेके-१ सोडतात आणि भोवतालच्या हाड बांधणाऱ्या पेशींना बंद पाडतात. एक्स-रेत कवटीला टोचल्यासारखी भोकं दिसतात, ती भरून येत नाहीत याचं एक कारण हे आहे. आणि महिनोन्‌महिने घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्याही हाड बांधण्याचं काम असंच मंदावतात. सांधेदुखी थांबते म्हणून औषधाच्या दुकानातून परस्पर या गोळ्या आणणाऱ्यांची संख्या आपल्याकडे थोडी नाही. त्यांनी एवढं तरी ऐकावं.

आता मला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट. ज्यांच्या रक्तातून हे औषध उगवलं त्या आफ्रिकेतल्या आणि उर्कच्या रुग्णांसाठी आजही मंजूर औषध नाही. त्यांच्या वाट्याला अजूनही शस्त्रक्रियाच येतात. कारण सरळ आहे. ती माणसं थोडी आहेत आणि बाजार मोठ्या संख्येकडे बघतो. हा अन्याय आहे आणि तो दूर करणं सरकारांचं आणि या शोधातून नफा कमावणाऱ्यांचं कर्तव्य आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडेही दुर्मीळ आजाराचं मूल घेऊन आईवडील एका इस्पितळातून दुसऱ्यात फिरत असतात. त्या मुलाची नीट नोंद ठेवणं, त्याचं घराणं समजून घेणं, हे दयेचं काम म्हणून करायचं नसतं. वैद्यकाचं निम्मं ज्ञान तिथून येतं. आणि दिल्लीतल्या त्या माशीचा उपयोग काय, असं १९७३ मध्ये कुणी विचारलं असतं तर शर्मांना हाडांचं नाव घेता आलं नसतं. संशोधनाला पैसा देताना लगेच उपयोग मागणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

शेवटी इथे बसलेल्या आपल्या सगळ्यांना एक विनंती. आपली आई, आजी, काकू, किंवा वडीलही, पन्नाशीनंतर उभ्या उभ्या घसरून पडले आणि मनगट मोडलं, तर प्लास्टर काढल्यावर प्रकरण मिटलं असं समजू नका. उभ्या उंचीवरून पडून निरोगी हाड सहसा मोडत नाही. डॉक्टरांना विचारून हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी करून घ्या, ड जीवनसत्त्व बघून घ्या, उंची कमी झाली आहे का ते मोजा, आणि घरात रात्रीच्या दिव्याची आणि न्हाणीघरात धरायच्या दांड्याची सोय करा. मनगट मोडलं त्याच वेळी उपचार सुरू झाले, तर पुढे खुबा मोडण्याची शक्यता नक्की कमी करता येते.